पुतणीच्या हातातली रापी

लग्नसराईत आपल्या खान्देशातल्या बँड पथकांची जाकिटे सर्वांनी पाहिली असतील. छातीवर आणि बाह्यांवर लोंबणारी झालर वाजवणाऱ्याबरोबर नाचत असते. ती बहुधा रेक्झिनची असते आणि दोन-तीन हंगामांत तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून नंदुरबार तालुक्यातील एका बँडमास्तरांनी यंदा खऱ्या चामड्याची झालर लावायचे ठरवले. बारा जाकिटांचे काम शिवणकाम शिकलेल्या माझ्या पुतणीकडे आले. तिने ते घेतले आणि आमच्या घरात वाद उभा राहिला.

माझी आई तिला म्हणाली, "पोरी, तुझ्या पणजोबानं जे सोडलं, तेच तू घरात आणतेस?"

आईचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मेलेली ढोरे ओढण्याची गावकी आपल्या माथी मारलेली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची हाक दिली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर माझ्या आजोबांनी ढोर ओढायला साफ नकार दिला, तेव्हा गावाने त्यांना वर्षभर कामाला बोलावले नाही. आई या घरात सून म्हणून आली ती हीच हकीकत ऐकत. आणि हे सारे जुने झाले म्हणावे, तर शेजारच्या गुजरातेत ११ जुलै २०१६ रोजी उना तालुक्यातील मोटा समढियाळा येथील दलित तरुणांना, मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून गाडीला बांधून मारले गेले. त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला.

विहारात एकाने सम्यक् आजीविकेचा प्रश्न काढला. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, जिवंत प्राणी आणि माणसे, मांस, मद्य व विष. त्यांत चामडे नाही. उलट विनयपिटकाच्या महावग्गात चामड्यावर एक सबंध प्रकरण आहे. चंक्रमण करताना सोण नावाच्या भिक्खूचे पाय रक्ताळले, तेव्हा तथागतांनी एकपदरी तळाच्या वहाणांना परवानगी दिली. रंगीत, नक्षीच्या वहाणांना मात्र भिक्खूंसाठी मनाई केली, कारण ती गृहस्थांची हौस. आता बँडवाले तर गृहस्थच!

माझे मत मी घरात स्पष्ट सांगितले. गावकीत ठरलेली मजुरी नव्हती आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. पुतणीला दोन्ही आहेत. तेव्हा हे ते काम नव्हे.

पण चामडे कापायला शिकवणार कोण? रोहिदास समाजातील एक वृद्ध कारागीर आमच्या ओळखीचे आहेत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी खोगिराचे गोंडे कापण्यात त्यांची उमेद गेली. आपल्या आणि त्यांच्या वस्त्या शेजारी असल्या तरी उंबरठे किती लांब होते, हे जुन्या माणसांना सांगायला नको. पुतणी गेली, "बाबा, मला शिकवा" म्हणाली. त्यांनी लगेच पाट पुढे सरकवला.

पोटाकडचे चामडे ताणते, म्हणून झालरीला पाठीकडचे घ्यायचे. आतल्या बाजूने पेनाने रेघा मारायच्या. प्रत्येक काप जिथे थांबायचा, तिथे आधी पंचाने बारीक भोक पाडायचे, म्हणजे पुढे ओढ बसली तरी चीर वर फाटत जात नाही. मग रापी त्या भोकातून सुरू करून कडेकडे ओढायची. कडेकडून भोकाकडे कधीही नाही, कारण हात घसरला तर सारी पट्टी वाया. दशी मुरडू लागली की रापीची धार गेली असे समजावे आणि चामड्याच्या तुकड्यावर ती लावून घ्यावी. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कातडी अंगरख्यांनाही अशी झालर असे. पावसाचे पाणी तिच्यावरून निथळे आणि अडीनडीला एखादी दशी तोडून दोरीसारखी बांधायला होई, असे सांगतात.

मी कारकून माणूस, हिशेब मांडला. एका जाकिटाला १०५ सेंटिमीटर झालर. पाच मिलिमीटरची एक दशी, म्हणजे २१० दशा. बारा जाकिटांच्या २,५२०. मिनिटाला तीन धरल्या तरी चौदा तास. बँडमास्तर म्हणत होते, "झालरीचं वेगळं काय? शिलाईतच धरा." इथेच आपली माणसे बुडतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. त्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरीही! ओरड झाली तेव्हा कंपनीने मूळ कबूल केले. आमच्या बारा जाकिटांसाठी कोण ओरडणार?

मास्तरांपुढे कागद ठेवला. तासाभराच्या घासाघिशीनंतर कापणीची दोन दिवसांची रोजी वेगळी ठरली. ती वहीत लिहून पुतणीने मास्तरांची सही घेतली. त्यातला एक दिवस तिने बाबांना देऊ केला. त्यांनी निम्मेच घेतले आणि रापी पुढच्या कामापर्यंत तिच्याकडेच राहू दिली.

आईने अजून त्या जाकिटांना हात लावलेला नाही. तिने लावावा, असा आमचा आग्रहही नाही.