फिटनेस आणा, मग बघू

गाठ कॅन्सरची आहे असा बायोप्सीचा रिपोर्ट आला की आमच्याकडच्या बाईच्या हातात पहिली चिठ्ठी पडते, तिच्यावर ऑपरेशनची तारीख नसते. 'फिटनेससाठी पाठवत आहे' एवढंच असतं. ती चिठ्ठी घेऊन बाई माझ्यासमोर येऊन बसते. मी भूलतज्ज्ञ. गाठीचं काय करायचं ते सर्जन आणि कॅन्सरवाले ठरवतात. गाठ सोडून त्या बाईत जे काही आहे ते माझ्या वाट्याला येतं.

आणि ते बरंच असतं. रक्त सातवर, बीपी आजवर कुणी मोजलेलंच नाही, चुलीच्या धुरानं छाती भरलेली, खर्ऱ्यानं जबडा आखडलेला. पुष्कळदा हे सगळं पहिल्यांदा कळतं ते कॅन्सरच्या निमित्तानं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक ना एक आजार होता, बाईमागे सरासरी ३.६ आजार, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास कॅन्सरचा नव्हता. मधे साडेतीन दशकं गेली, रस्ते झाले, गावोगाव आशाताई आल्या. पण दुखणं अंगावर काढायची रीत काही गेलेली नाही, हे मी रोज बघते.

अडचण अशी की कॅन्सरलाही घड्याळ आहे. २०२० साली 'बीएमजे'त अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी छापून आली. शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा हिशेब. म्हणून 'हिला आणखी काय काय आहे' याची यादी केली की माझं काम संपत नाही. त्यातल्या कशासाठी थांबायचं, किती दिवस थांबायचं, आणि कशासाठी एक दिवसही थांबायचं नाही, हे मला ठरवावं लागतं. 'फिटनेस आणा, मग बघू' म्हणून बाईला परत धाडणं सोपं असतं. धान कापणी, मोहफुलं, तेंदूपत्ता असं करत ती पुढचे चार महिने येत नाही.

बीपीचंच घ्या. ओपीडीत १५०-१६० भरलं म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेल्या बायका मी पाहिल्या आहेत. १८०/११०च्या खाली असेल तर गोळी सुरू करून पुढे जावं, असं आमची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. तिथं अडून बसण्यात अर्थ नाही.

रक्त कमी असण्यात मात्र फार दिवस जातात. सात ग्रॅमच्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन 'दोन महिन्यांनी या' म्हणणं मला पटत नाही. गोळ्यांनी पोट बिघडतं आणि ती पंधराव्या दिवशी सोडून देते. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज शिरेतून देता येतं, एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत. दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन चढायला लागतं, तेवढ्यात बाकीच्या तपासण्या उरकतात. रक्ताची बाटली साधारण एक ग्रॅमनं वाढवते. ऑपरेशन तोंडावर आलं असेल तरच ती.

पण आमच्या भागात लोह देण्याआधी सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. गावात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. वाहक असेल तर त्या कारणानं उपचार थांबवायची गरज जवळपास कधीच पडत नाही. रुग्ण असेल तर सगळंच बदलतं. काहींचा आजार इतका सौम्य असतो की चाळिशीपर्यंत 'वात आहे' म्हणून हातपाय चोळण्यावरच निभावलेलं असतं. त्यांचं रक्त कमी असतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह नसतं म्हणून नव्हे. वारंवार रक्त चढलेल्यांच्या अंगात तर लोह साठून राहिलेलं असतं. ऑपरेशनच्या खोलीत थंडी, पाण्याची कमतरता, ऑक्सिजनची कमतरता, यातलं एक जरी झालं तरी पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. म्हणून अशा बाईला मी 'रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही' असं सांगत नाही, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी पिऊ देते. एसी बंद, सलाइन कोमट, हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणून ठेवलेलं.

केमोचं सांगायचं तर, पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी जी जीसीएसएफची इंजेक्शनं सर्रास दिली जातात, ती सिकलसेलच्या रुग्णाला जीवघेणा झटका आणू शकतात. हायड्रॉक्सियुरिआ चालू असेल तर तेही अस्थिमज्जा दाबतं आणि केमोही दाबते, तेव्हा दोन्हींचे डोस एकमेकांकडे बघून ठरवायला हवेत. केमोसाठी नागपूरला जाणाऱ्या चिठ्ठीत मी हे लाल पेनानं लिहिते. आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे: सिकलसेलमध्ये साखरेची एचबीएवनसी तपासणी फसवते. लाल पेशी जगतातच थोडे दिवस, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर उलट, खोटा जास्त. इथं मी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघते, तिच्यावरच भरवसा ठेवते. केमोसोबत स्टेरॉइड दिलं की साखर उसळते, तेव्हा आधीचा खरा आकडा हाताशी लागतो.

"मावशी, तोंड उघडा बरं." तीन बोटं आत गेली पाहिजेत. पन्नीत घोटलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरलेल्या बाईचं एकच बोट जातं. "थोडसाच खातो मॅडम," ती म्हणते, आणि सोबत आलेला मुलगा खिसा झाकतो. गाठ आहे छातीत, पण भूल देताना श्वासनळीत नळी घालायची ती तोंडातून, आणि तोंडच उघडत नाही. मग तिला जागी ठेवून नाकातून दुर्बिणीनं नळी घालावी लागते, नाहीतर मणक्याशेजारी पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक देऊन छातीचा तेवढाच भाग बधिर करावा लागतो. खर्रा आज बंद केला तर जबडा सुटत नाही, पण जखम नीट भरते, आणि केमोनं तोंड येतं तेव्हा निदान सोललेल्या गालावर चुना-तंबाखू बसत नाही.

हृदयाची ताकद जोखायला पुस्तकातला प्रश्न आहे: न थांबता दोन जिने चढता का? एटापल्लीकडच्या पाड्यावर जिने कुठून आणायचे? मी विचारते, मोहफुलं वेचून भरलेली टोपली घेऊन येताना वाटेत बसावं लागतं का? यंदा रोवणीला गेला होतात का? जुलैभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाईच्या हृदयाची मला फारशी काळजी वाटत नाही. एकीनं सांगितलं, "मांगच्या सालपासून नाही जात, दम लागते." लगेच इको करायला पाठवलं, तर लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडप खराब झालेली निघाली. हे आधी कळणं जरुरीचं, कारण केमोतलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, आणि हर-टू गाठींसाठीचं ट्रास्टुझुमॅब, दोन्ही हृदयाला त्रास देऊ शकतात.

आणखी एक गोष्ट मी खोदून विचारते. सांधेदुखीसाठी गावातला डॉक्टर ती बारीक पांढरी गोळी देतो का, आणि किती दिवस? बहुतेकदा ते स्टेरॉइड असतं. ते महिनोन्महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडतं, आणि भुलेखाली बीपी अचानक कोसळू शकतं. गोळीचं पाकीट आणायला सांगते. 'बंद करा' असं मात्र चुकूनही सांगत नाही.

क्षयरोगाचं थोडक्यात: औषधांचा पूर्ण कोर्स संपेपर्यंत सहा महिने कॅन्सरनं थांबावं असं नसतं, पण रिफाम्पिसिन चालू असताना टॅमॉक्सिफेन अंगी लागत नाही, हे गोळ्या लिहून देणाऱ्याला माहीत हवं. हिपॅटायटिस बीची चाचणी केमोआधी झालीच पाहिजे. झोपलेला विषाणू केमोत उठू शकतो आणि यकृत निकामी करू शकतो. गोळ्या देऊन तो दाबून ठेवता येतो, त्यासाठी वाट बघावी लागत नाही.

फिटनेस कधीच मिळणार नाही अशाही बायका येतात. हृदय थकलेलं, वय सत्तरीच्या पुढे. पण गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असेल तर लेट्रोझोलची रोज एक गोळी सुरू करून काही महिने मिळवता येतात, तेवढ्यात हृदयाची औषधं बसतात, आणि ब्लॉकखाली ऑपरेशन होतं. हा पर्याय नातेवाइकांना कुणी सांगतच नाही, म्हणून ते आजीला घरी घेऊन जातात.

शेवटी ताप. गडचिरोलीत ताप म्हणजे मलेरिया, हे लहान पोरालाही ठाऊक. आशाताई बोट टोचून किट बघते, निगेटिव्ह आलं की पॅरासिटामॉल. पण केमोनंतर आठवडा ते दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि तेव्हाचा ताप काही तासांत जीव घेऊ शकतो. नागपुरात याच्या उलट: तिथं लगेच अँटिबायोटिक लावतात, पण बाई भामरागडची आहे, मलेरिया बघा, हे कुणाला सुचेलच असं नाही. म्हणून केमोआधी एकदा मलेरियाची तपासणी, आणि बाईच्या फाइलला एक कागद टाचलेला: ताप १००.४च्या वर गेला तर किट करा, पण निगेटिव्ह आलं तरी घरी ठेवू नका, त्याच दिवशी रक्त तपासून अँटिबायोटिक सुरू करा. आशाताईंचा नंबर त्यावर मीच लिहून घेते. पर्लकोटेच्या पुरानं भामरागडचा रस्ता तुटतो हे आम्ही कित्येक पावसाळे पाहिलंय, तेव्हा जून ते सप्टेंबरमधल्या केमोसाठी नदीच्या अलीकडे राहायला जागा आहे का, हेही फिटनेसच्या तपासणीतच विचारून घेते. बहुतेकींचं कुणी ना कुणी आलापल्लीला नाहीतर अहेरीला निघतंच.