ब्रह्मकमळाचं 'पान' लावताना



परिसर अभ्यासाच्या तासाला रोप लावायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा मटकी, हरभरा नाहीतर धणे घेतो. भिजवलेली मटकी दोन दिवसांत मोड दाखवते, मुलं खूश होतात, वहीत चित्र काढतात आणि पाठ संपतो. त्यात वाईट काहीच नाही. पण यंदा तिसरीच्या वर्गासाठी मी मुद्दाम असं रोप निवडलं, जे लावण्याआधीच आठ दिवस थांबायला लावतं. ते म्हणजे आपल्या दारातलं ब्रह्मकमळ. हा पाठ कसा घेतला, कुठे अडला आणि वर्गातल्या एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलीमुळे तो कुठवर गेला, ते सविस्तर लिहिते आहे. तुम्हालाही करून पाहता यावं म्हणून साहित्य आणि कृती मध्येच दिली आहे.

पान की खोड?

आमच्या कन्हेरीत ब्रह्मकमळ विकत आणलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. कोणाच्या तरी दारातून एक 'पान' येतं आणि त्याचं झाड होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजींकडे जुनी मोठी कुंडी आहे. पावसाळ्यात फूल उमलायच्या रात्री त्या शेजारपाजारच्यांना हाक मारतात, फुलाला हळदकुंकू वाहतात. रात्री आठ-नऊला पाकळ्या सुटायला लागतात, मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उमलतं आणि सकाळी मान टाकून लोंबतं. त्या आजींनी फेब्रुवारीत आम्हाला सहा छान जून 'पानं' कापून दिली.

वर्गात मी ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"पान!" सगळा वर्ग एका सुरात.

"कशावरून?"

"हिरवं आहे. चपटं आहे. मधे शीर आहे."

मी उत्तर दिलं नाही. जास्वंदीची एक फांदी आणून दिली आणि कळ्या कुठून येतात ते बघायला सांगितलं. कळी फांदीवर, पानाच्या बगलेतून येते. पानाच्या कडेवरून येत नाही. मग आजींच्या घरी फुलं कुठून आली होती? त्यांचा नातू म्हणाला, "पानाच्या कडेला खाचा असतात ना, तिथून." मग हे पान कसं?

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. "बाई, पण पानफुटीच्या पानाच्या कडेला पण रोपं येतात की!" मला फार आनंद झाला. हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही, तो मुलीने घराच्या मागे बघून आणला होता. पानफुटी म्हणजे खरोखरच पानाच्या कडेवर बाळरोपं धरणारी वनस्पती. आता निकाल कसा लावायचा? दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे आजींच्या अंगणात गेलो आणि कुंडीच्या तळाशी बघितलं. खालचा जुना भाग गोल, तपकिरी आणि काठीसारखा टणक झालेला होता. तोच वर जाऊन चपटा होत होता. पानफुटीचं पान देठापासून गळून पडतं. इथे तर 'पानातून' पान, त्यातून आणखी पान फुटलेलं. मुलांनीच ठरवलं, हे खोड आहे.

ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातलं. माळावरचा फड्या निवडुंग मुलांनी पाहिलेला असतोच. त्याचा हिरवा फडा हेसुद्धा चपटं खोडच, आणि त्याचे काटे म्हणजे बदललेली पानं. गंमत म्हणजे ब्रह्मकमळाचं शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटलम, आणि त्यातल्या एपिफायलमचा अर्थच 'पानावर'. म्हणजे नाव देणाऱ्यांनाही ते पानच वाटलं होतं. हे सांगितल्यावर "पान" म्हणालेल्या मुलांचे चेहरे खुलले.

म्हणून आपण जे लावतो, त्याला छाटकलम म्हणायचं.

आठ दिवस काहीच करायचं नाही

साहित्य अगदी साधं आहे. जून, निरोगी खोडाचा सहा ते आठ इंचांचा तुकडा, तळाला भोकं असलेली पाच-सहा इंची कुंडी किंवा डबा, आधाराला काडी, दोरा आणि माती.

पहिली पायरी, तुकड्याच्या खालच्या टोकाला दोरा बांधायचा. तुकडे कापून ठेवले की वरचं-खालचं टोक कळेनासं होतं, आणि उलटा लावला तर मुळं धरायला अडचण होते. दुसरी पायरी, तुकडा सावलीत, हवेशीर जागी, कागदावर आडवा ठेवायचा. आठ दिवस. पाणी नाही, माती नाही.

मुलांना हे पटेना. "बाई, मरंल की ते!" ऊस असो, भाजी असो, आमच्या बागायती भागातल्या मुलांना लावलं की पाणी हे पक्कं ठाऊक. मी त्यांना गुडघ्याच्या खरचटण्याचं विचारलं. खपली कधी धरते? ओली ठेवली तर? झाडाच्या जखमेचंही तसंच आहे. कापलेला भाग ओला असतानाच मातीत गेला, तर त्यातून बुरशी शिरते आणि तुकडा तळापासून कुजतो. सुकू दिला तर कापावर कोरडा पापुद्रा धरतो. तोवर तुकडा स्वतःच्या अंगातल्या पाण्यावर राहतो. थोडा सुरकुततो, पण मरत नाही.

रोज सकाळी परिपाठानंतर एक गट तुकड्यांना बोट लावून बघायचा आणि वहीत एक ओळ लिहायचा. "आज चिकट आहे." "आज कमी चिकट." "आज कडक लागलं." मटकीच्या पाठात मुलं बदल बघतात, इथे ती अगदी थोडासा बदल शोधायला शिकली. माझ्या मते पाठातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

माती कशी असावी

आमच्याकडची काळी जमीन उसाला चांगली, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात दगडासारखी आवळते. ब्रह्मकमळाचं मूळ घर म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली जंगलं. तिथे ते झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतं. आंब्यावरच्या बांडगुळासारखं ते झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेतं. त्याच्या मुळांना ओल हवी आणि हवाही हवी.

म्हणून आम्ही एक भाग माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग नारळाच्या शेंड्यांचा भुगा घेतला, वर मूठभर जुनं शेणखत. शेंड्या कुठून आणायच्या हा प्रश्न कन्हेरीत पडत नाही, मारुतीच्या देवळात नारळ भरपूर फुटतात. शेंड्या बारीक कातरून दोनदा पाण्यातून काढल्या आणि वाळवल्या. खर्च शून्य.

तुकडा दीड-दोन इंच खोल उभा करायचा, काडीला सैल बांधायचा. लगेच भरपूर पाणी घालायचं नाही. तीन-चार दिवसांनी थोडं, मग वरची माती कोरडी लागली की थोडं. जागा सकाळचं कोवळं ऊन मिळणारी. दुपारच्या उन्हात खोड पिवळं पडतं. तीन ते पाच आठवड्यांत मुळं धरतात. तुकडा अगदी हलके वर ओढून बघावा; अडल्यासारखा वाटला तर मुळं आली समजायचं.

निघालेली मैत्रीण

हे सगळं आम्ही सहाव्या दिवसापर्यंत आणलं आणि एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला येतात. दिवाळीनंतर ती आमच्या वर्गात बसायला लागली होती. पहिले पंधरा दिवस बोलली नाही, पण पानफुटीचा प्रश्न विचारणारी मुलगी ती हीच. म्हणाली, "बाई, कारखान्याचा पट्टा पडणार हाय. आम्ही पुढच्या आठवड्यात गावाला जाणार."

शिक्षक मित्रांनो, ऊसपट्ट्यात शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रसंग ओळखीचा आहे. आपण शिक्षण हमी कार्ड भरून देतो, पुस्तकं देतो. पण त्या मुलांच्या वाट्याला नेहमी अर्धे पाठ येतात. तिकडे घटक सुरू झाला की ती इकडे येतात, इकडे संपत आला की तिकडे जातात. मुळं आलेली ती बघणार नव्हती.

मी वर्गालाच विचारलं, काय करायचं? सहा तुकडे, सहा गट, प्रत्येक गटाचा एक. तिच्या गटातल्या मुलाने विचारलं, "बाई, तसंही आठ दिवस कोरडंच ठेवायचंय ना? मग गाडीत कोरडं ठेवलं तर काय होतंय?"

उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं. मातीत लावलेलं रोप टायरगाडीत भांडी-कुंडी, सरपण, कोंबड्यांसोबत नेणं अवघड. पण सुकलेलं छाटकलम वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात सहज राहतं आणि दोन-तीन आठवडेही तग धरतं. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं नाही, आत घाम धरून ते कुजतं. मुलांनी तिचा तुकडा गुंडाळला, खालच्या टोकाचा दोरा कागदाबाहेर काढून ठेवला. नोंदवहीचं पान तिच्या नावाने उतरवून दिलं. पुढच्या तारखा तिने भराव्यात म्हणून रकाने मोकळे ठेवले.

तिच्या आईने निघताना मला विचारलं, "बाई, तिकडं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. झाडाला कुठून घालायचं?" हा प्रश्न खरा होता. मी सांगितलं, आठवड्याला अर्धा पेला पुरे, भाजी धुतलेलं चालेल, घराच्या सावलीला ठेवा. निवडुंगाच्या कुळातली झाडं आपली श्वासाची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात त्यांचं पाणी कमी उडतं. त्यांना हे असंच सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

एका पालकांचा आक्षेप

मधल्या काळात वर्गाच्या गटावर एका पालकांचा निरोप आला. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, मुलांना चुकीचं शिकवू नका. त्यांची माहिती बरोबर होती. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. केदारनाथ-बद्रीनाथला ते वाहतात. ते आपल्या अंगणात येणार नाही.

मी वर्गात दोन्हींची चित्रं शेजारी लावली. मग विचारलं, शेजारच्या पुरंदरचं सीताफळ कुठलं? सीताफळही मूळचं अमेरिकेतलं, आणि आपण त्याला सीतेचं नाव दिलं. लोक ज्याला आपलं मानतात त्याला आपलं नाव देतात. आजी हळदकुंकू वाहतात त्यात चूक काही नाही. दोन वेगळी झाडं एका नावाने ओळखली जातात, एवढं मुलांना कळावं. त्या पालकांनीही हे मान्य केलं आणि पुढच्या तासाला स्वतः येऊन नर्सरीतल्या कुंड्यांविषयी बोलले.

पुढे काय झालं

शाळेत राहिलेल्या पाच तुकड्यांपैकी चारांनी मुळं धरली. पाचव्या गटाने प्रेमापोटी रोज पाणी घातलं आणि तुकडा तळाशी मऊ, तपकिरी झाला. आम्ही तो फेकला नाही. कुजलेला भाग कापून हिरवा भाग पुन्हा आठ दिवस सुकवला, पुन्हा लावला. त्यालाही उशिरा का होईना मुळं आली. मे महिन्याच्या सुट्टीत कुंड्या घरोघरी गेल्या.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवडाभरात तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून फोटो आला. तेलाचा कापलेला डबा, त्यात काडीला बांधलेला तो तुकडा, आणि एका खाचेतून फुटलेला बोटभर तांबूस कोंब. खाली नोंदवहीचं पान, रकाने भरलेले. एका रकान्यात लिहिलं होतं, "आज ओढून बघितलं. आलं नाही."

फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. कुंडी फार मोठी घेऊ नये, मुळं जरा दाटीत असली तरी चालतात. नुसतं पानं वाढवणारं खत जास्त घातलं तर फुलं कमी येतात. थंडीत पाणी कमी करावं. कळी धरल्यावर कुंडी हलवू नये, कळ्या गळतात. एवढं सांभाळलं तर पुढचं झाडच बघतं.

तुमच्या वर्गात हंगामी मुलं असतील, तर त्यांच्या जाण्याच्या आठ दिवस आधी हा पाठ सुरू करा. कार्ड, पुस्तकं यांच्याबरोबर कागदात गुंडाळलेला एक सुका तुकडा आणि मोकळ्या रकान्यांचं एक पान द्या. आणि तुमच्या शाळेत बाहेरगावाहून असं मूल कागदाची पुरचुंडी घेऊन आलं, तर त्याला आधी एक डबा आणि थोडी माती द्या.