कुर्ला म्हणजे डी, क्यू, वाय, के, झेड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कुर्ला पश्चिमेला आमच्या वस्तीच्या पुनर्विकासासाठी पात्रतेची प्रारूप यादी निघाली. आपलं ते परिशिष्ट-२. भली मोठी पीडीएफ, सगळी मराठीत. ग्रुपवर आली तेव्हा मी ऑफिसात होतो. आईचा फोन, "आपलं नाव बघ रे." सर्चमध्ये आडनाव टाकलं. काहीच सापडलं नाही. आईचं नाव टाकलं, तरी काही नाही. मी सरळ सांगून मोकळा झालो, "आई, आपलं नाव नाहीये यादीत."

पुढचे पाच दिवस आम्ही नाव का नाही म्हणून हेलपाटे घालत होतो. सहाव्या दिवशी आईने चष्मा लावला, शेजारच्या मुलीचा मोबाईल घेतला आणि एकेक पान बोटाने सरकवत नाव शोधून काढलं. नाव होतं! पुढे शेरा होता: अपात्र, जुना पुरावा जोडलेला नाही. पुरावा तर कपाटातच होता, जुन्या वीजबिलांच्या पिशवीत. हरकतीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो देऊन आलो. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, यावर घरात अजून कोणी बोलत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. चूक माझी होतीच. त्या पीडीएफमधला "कुर्ला" हा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला असता तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. तिथे कुर्ला उमटलंच नाही. इंग्रजी अक्षरं उमटली: डी, क्यू, वाय, के आणि कॅपिटल झेड.

ही कृतिदेव फॉन्टची करामत. श्रीलिपी, आकृती, शिवाजी ही मंडळी त्याच जमान्यातली. तेव्हा कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चिकटवली. डीच्या जागी क दिसतो, क्यूच्या जागी उकार, वायच्या जागी ल, केच्या जागी काना आणि झेडच्या जागी रफार. डोळ्यांना मराठी, मशीनला मात्र अर्थहीन इंग्रजी. म्हणून सर्च चालत नाही. घाईत कन्व्हर्ट केलं तर रफार शेवटी जाऊन बसतो आणि कुर्ल्याचं "कुलार्" होतं. पहिली वेलांटी असलेल्या नावांचे हाल तर विचारूच नका.

या फॉन्टना मी शिव्या देणार नाही. नव्वदच्या दशकात लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, छोटी साप्ताहिकं यांच्याच जिवावर निघाली. पण युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० पासून ती साध्या कॉम्प्युटरवर चालते. कारभारात युनिकोड मराठी वापरा, असे आदेश राज्य शासनाने काढूनही बरीच वर्षं झाली. मग हे जुनं अजून जिवंत कसं?

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, डेप्रिकेट करणं. जुनं फंक्शन एका रात्रीत काढत नाहीत. आधी पर्याय तयार ठेवतात. मग जुनं वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी इशारा देतात: हे चालतंय, पण जाणार आहे, त्याऐवजी अमुक वापरा. पुरेसा वेळ गेला की मगच काढून टाकतात. पीएचपीमधली मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स अशीच गेली. पर्याय आधीपासून होते, २०१३ मध्ये इशारा सुरू झाला आणि २०१५ च्या आवृत्ती ७ मध्ये ती काढली. पायथन २ ला तर पायथन ३ आल्यावरही २००८ ते २०२० अशी अकरा-बारा वर्षं मिळाली. कुरकुर झाली, पण शेवटची तारीख सगळ्यांना माहीत होती.

आपल्याकडे पर्याय आला, आदेशही आला. मधला इशारा आणि शेवटची तारीख मात्र राहून गेली. जुन्या फॉन्टमधली फाईल आजही कुठल्यातरी टेबलावर मुकाट स्वीकारली जाते. आणि जे स्वीकारलं जातं ते कोण कशाला बदलेल?

स्टेशनजवळच्या एका डीटीपीवाल्या काकांना मी हे बोललो. ते म्हणाले, "अरे, तीस वर्षं रेमिंग्टनवर बोटं बसलीत. आणि माझं पेजमेकर तुझं युनिकोड घेतं का?" दुसरा मुद्दा खराच आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड देवनागरी येत नाही. पण पहिल्यावर उत्तर आहे. युनिकोडमध्येही रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड मिळतो. त्यांच्या मशीनवर तो टाकून दिला. पंधरा मिनिटं टाईप करून काका म्हणाले, "हे आधी कोणी सांगितलं का नाही?"

तेच तर. सांगायला कोणी गेलंच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. एक तारीख जाहीर करा. त्या तारखेपर्यंत अशा काकांना शिकवा, जुन्या फाईली नीट तपासून बदलून घ्या. त्यानंतर जुन्या फॉन्टमधली एकही यादी, नोटीस किंवा मसुदा लोकांसमोर येता कामा नये. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या भाषेतलं आईचं नाव सरकारी यादीत शोधल्यावर सापडावं, एवढं तरी व्हायला हवं.

तोवर एक करा. कुठलीही यादी हातात आली की त्यातला एक शब्द कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. मराठी उमटली नाही तर सर्चवर विश्वास ठेवू नका, पानं हाताने चाळा. आणि युनिकोड प्रत मिळावी असा अर्ज करा, त्याची पोच घ्या.

माझ्यासारखं "नाव नाहीये" म्हणून मोकळे होऊ नका.