धूळ, दमा आणि ग्राहकाचा मान

वाचकहो, घरातील धूळ ओढून घेणारे यंत्र हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रकार असावा, असे आपल्याला सहज वाटते. आरंभी ते काही अंशी खरेही होते. लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी केलेले यंत्र इतके अवजड होते, की ते घोडागाडीवरून दारापाशी आणावे लागे आणि लांबलचक नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. मात्र एका माणसाला हाताने फिरवता येईल असे सुटसुटीत यंत्र घडले ते एका कष्टकऱ्याच्या आजारातून. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कॅन्टन या गावी, जेम्स मरे स्पँग्लर एका मोठ्या दुकानात रात्रपाळीला झाडलोट करीत. उडणाऱ्या धुळीने त्यांचा दमा बळावे. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून धूळ पिशवीत कोंडणारे यंत्र तयार केले. १९०८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

ते हक्क विल्यम हूवर यांनी घेतले. त्यांचा मूळ व्यवसाय घोड्यांचे साज व चामड्याचे सामान करण्याचा. नवे यंत्र लोकांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी त्याच वर्षी जाहिरात दिली : दहा दिवस यंत्र घरी वापरून पाहा, पैसे पडणार नाहीत. आधी विश्वास आणि मग विक्री, या क्रमाने हूवर हे नाव इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी पोहोचले.

तोच विश्वास पुढे कसा गेला, हेही आपण ध्यानात घ्यावे. १९९२ साली याच नावाच्या ब्रिटनमधील कंपनीने शंभर पौंडांची खरेदी करणाऱ्यास परदेशी विमानप्रवासाची दोन तिकिटे देऊ केली. तिकिटांची किंमत यंत्राहून कितीतरी अधिक. लोकांची झुंबड उडाली आणि कंपनीला वचन निभावणे जड गेले. अनेकांची तिकिटे रखडली, दावे न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला आणि १९९५ मध्ये तिचा युरोपातील व्यवसाय विकला गेला. यंत्रे चांगलीच होती. ग्राहकाला दिलेला शब्द तेवढा पोकळ निघाला.

आता घरची गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत आणि वीस वर्षांपासून त्यांना दमा आहे. आमच्याकडे १९९० च्या सुमारास घेतलेले एक यंत्र आहे. त्या काळी कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येई, ब्रश तपासून देई, चहा घेऊन जाई. सासूबाईंना ते यंत्र म्हणजे घरातले एक माणूसच वाटते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कागदी पिशव्या मिळेनाशा झाल्या. कंपनीला फोन केला, तेव्हा अर्ध्या मिनिटात उत्तर आले : ‘ते मॉडेल बंद झालं.’ पुढचा पंधरवडा मात्र रोज दुपारी, ऐन विश्रांतीच्या वेळी, नव्या यंत्रासाठी फोन येऊ लागले. एकाने तर सासूबाईंना सांगितले, ‘आजी, जुन्या यंत्रानंच तुमचा दमा वाढतोय.’ त्या घाबरल्या. मी कामावर असताना त्यांनी हाती केरसुणी घेतली आणि त्या रात्री त्यांना इनहेलरचा आधार घ्यावा लागला.

त्या विक्रेत्याच्या बोलण्यात अर्धे सत्य होते. पिशवी फाटकी असेल किंवा गाळणी जुनी झाली असेल, तर यंत्र मोठा केर ओढते आणि बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडते. पण त्यावरचा उपाय नवी पिशवी हा होता. भीती घालणे हा नव्हे. मी कंपनीला पत्राने तीन प्रश्न विचारले : पिशवीचा आकार काय, दुसऱ्या कोणत्या मॉडेलची पिशवी चालेल, मोटरची गाळणी मिळेल का? तीन आठवड्यांनी उत्तर आले, की पुढच्या एका मॉडेलची पिशवी यालाही बसते. म्हणजे वस्तू पहिल्या दिवशीही उपलब्ध होती. नव्हती ती फक्त चौकशी करण्याची तसदी.

आपल्या घरी असे जुने यंत्र असेल, तर काही पथ्ये अवश्य पाळा. वायर चिरलेली असेल, प्लग गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर ते वापरू नका. पिशवी काठोकाठ भरू देऊ नका. ती घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, रुग्णाने नव्हे तर इतर कोणी बदलावी. सफाई चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास तरी दमेकऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवा. वायर वाटेत पडू देऊ नका. वृद्धांचा पाय अडकतो. फरशी ओल्या फडक्याने पुसा. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कारण धुळीतील सूक्ष्म किडे अंथरुणात अधिक असतात.

आणि हक्कही जाणून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी. म्हणून पावती, हमीपत्र आणि पत्रव्यवहार जपून ठेवा.

घरातील ज्येष्ठांच्या वतीने असा फोन कराल, तेव्हा त्यांना शेजारी बसवा आणि पलीकडून आलेले उत्तर त्यांना शब्दशः सांगा. यंत्र त्यांचे आहे, श्वासही त्यांचा आहे. निर्णय त्यांना विचारूनच व्हावा.