आषाढात पाहावे, वैशाखात चाखावे

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नागावात शिरला की दोन्ही अंगांना नारळी-पोफळींची दाट सावली सुरू होते, आणि त्या सावलीत, समुद्राच्या बाजूस, आमची वडिलोपार्जित वाडी आहे. वडिलांना आम्ही सारी भावंडे अण्णा म्हणत असू. वाडीलगतचा एक तुकडा विकाऊ निघाला तेव्हा मालक पौष महिन्यातच बयाणा द्यावा म्हणून निकड करीत होता, परंतु अण्णांनी त्याला शांतपणे सांगितले, "वाडी घ्यायची तर दोनदा बघावी. एकदा आषाढात, पाणी कुठे तुंबतं ते बघायला; नि एकदा वैशाखात, विहिरीला खारं लागतं का ते चाखायला. पौषात काय, सगळ्याच वाड्या हिरव्या." मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो आणि या वाक्यात घरच्या शेतीपलीकडचा काही अर्थ असेल असे माझ्या मनातही आले नाही. तो अर्थ साठीच्या उंबरठ्यावर, परक्या मुलखात आणि बरेच द्रव्य गमावल्यानंतर, मला उमगला.

माझी सारी नोकरी व्यापारी जहाजांवर गेली. यंत्रशाळेत कनिष्ठ अभियंता म्हणून चढलो आणि मुख्य अभियंता होऊन २०१८ साली उतरलो. गोल्फचा परिचय झाला तो स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ बंदरात, जहाज दुरुस्तीसाठी अडकून पडले असताना. तेथील एका सहकाऱ्याने मला जवळच्या सार्वजनिक मैदानावर नेले, उसनी काठी हाती दिली आणि समुद्राकडून येणाऱ्या त्या गार वाऱ्यात चेंडू पहिल्यांदा नीट उडाला तेव्हा महिनोन्महिने लोखंडी भिंतींच्या उष्ण गडगडाटात राहिलेल्या माझ्या शरीराला जी विश्रांती लाभली, तिचे वर्णन मला आजही करता येत नाही. हा श्रीमंतांचा खेळ म्हणून आपल्याकडे त्याच्याविषयी एक दुरावा आहे आणि तो निष्कारण नाही; तथापि ज्याला हिरवळीवरून चार तास संथपणे चालायचे आहे, एका गोष्टीवर चित्त एकाग्र करायचे आहे आणि सोबत बोलणारे दोघेतिघे हवे आहेत, अशा वृद्ध माणसाला याहून हितकर खेळ मला ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर परदेशी, समुद्रकाठच्या आणि खर्चाला झेपेल अशा ठिकाणी वर्षातले काही महिने राहावे, रोज सकाळी खेळावे, हा बेत मी नोकरीतच मनाशी बांधला होता. आणि त्या बेताच्या घाईतच मी पहिली चूक केली. आग्नेय आशियातील समुद्रकाठी उभी राहिलेली एक नवी निवासी वसाहत, तिच्या मध्यभागी अठरा होलचे मैदान, जानेवारीतले कोरडे निळे आकाश आणि मखमलीसारखे गवत हे सारे पाहून मी मोहून गेलो आणि करारनाम्यावर सही केली. त्या दस्तऐवजात प्रवेशशुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही असे कलम होते. सभासदत्व दुसऱ्याच्या नावे करायचे तर जबर हस्तांतर-शुल्क होते. पत्नीचे नाव वेगळ्या रकमेवाचून लागत नव्हते. शिवाय दरमहा क्लबच्या भोजनगृहात ठराविक रक्कम खर्च केलीच पाहिजे, न केल्यास ती देयकात धरली जाईल, अशीही अट होती. अलिबागच्या कचेरीत सातबारा आणि फेरफार पाहिल्यावाचून गुंठाभर जमीनही न घेणाऱ्या घराण्यातला मी, परंतु परदेशी कागदावरची सुबक छपाई पाहून माझी ती सारी सावधगिरी गळून पडली.

ऑक्टोबरात आम्ही दोघे तेथे राहावयास गेलो, तो त्या भागातील ऐन पावसाचा काळ. पहिल्या आठवड्यातच खेळपट्ट्यांवर पाणी उभे राहिले आणि ते चार-चार दिवस हटेना. अठरांपैकी निम्मे होल बंद झाले. मी छत्री घेऊन पाहणी केली तेव्हा अभियंत्याच्या नजरेला कारण दिसले: जमीन मुळात चिकणमातीची, आणि ग्रीनखाली, म्हणजे होलभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीखाली, जी रचना असावयास हवी ती नव्हती. उत्तम ग्रीन म्हणजे केवळ कापलेले गवत नव्हे. तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर चार इंच खडी, त्यावर सुमारे बारा इंच वाळूप्रधान मिश्रण, आणि त्यावर गवत, अशी ती एक इमारतच असते, आणि तिची परीक्षा फक्त पाऊसच घेऊ शकतो. याहून अधिक क्लेशकारक गोष्ट माझ्या पत्नीच्या ध्यानात आली. ती एका संध्याकाळी म्हणाली, "अहो, गवत एकवेळ वाळेल, पण इथे बोलायचं कुणाशी?" वसाहतीतल्या बहुतेक घरांची दारे बंद होती, जानेवारीत हसतमुखाने भेटलेली माणसे हंगाम संपताच आपापल्या देशी निघून गेली होती. एका वर्षाच्या आत आम्ही तेथून परतलो, आणि भरलेली रक्कम परत मिळाली नाही.

या आघाताने मला शहाणपण दिले, आणि पुढे जे काही पाहिले ते अण्णांच्या पद्धतीने पाहिले. २०१९ च्या सप्टेंबरात मी थायलंडमधील हुआ हिन येथे तीन महिन्यांसाठी भाड्याची खोली घेतली. कुठलेही सभासदत्व घेतले नाही. तेथील जुन्या लाल-पिवळट लाकडी रेल्वे स्थानकाला लागूनच जे मैदान आहे ते १९२४ सालचे, म्हणजे त्या देशातील सर्वांत जुन्या मैदानांपैकी एक, आणि तेव्हाच्या सयामच्या रेल्वेसेवेतील एका स्कॉटिश अभियंत्याने आखलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला आषाढ. पाऊस थांबला की मी किती तासांनी खेळ सुरू होतो याची वहीत नोंद ठेवी. क्लबगृहाच्या शोभेकडे न पाहता बंकरमधील वाळू कडेने वाहून गेली आहे का हे पाही. आणि सर्वांत विश्वासाची साक्ष घेई ती खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडी स्त्रियांची, कारण मैदानाचा खरा इतिहास त्यांच्या पायांना ठाऊक असतो. दुपारनंतर शुल्क कमी होते, सप्ताहअखेरीपेक्षा मधल्या वारी गर्दी विरळ असते, गाडीपेक्षा पायी चालणे स्वस्त आणि आरोग्यदायी असते, या साध्या गोष्टी तेथे प्रत्ययाला आल्या. त्या देशात पन्नाशी उलटलेल्या माणसाला निवृत्त म्हणून राहता येते. त्यासाठी ८,००,००० बाटची बँकेत ठेव किंवा दरमहा ६५,००० बाटचे उत्पन्न दाखवावे लागते, आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारदरबारी कळवावा लागतो. या हजेरीचाही विचार माणसाने आपल्या वयाकडे पाहून आधीच करावा.

तेथील ग्रीनवर ओणवे होऊन गवताचे पाते हाती घेतले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला, कारण ते पाते ओळखीचे होते. उष्ण प्रदेशांतील मैदानांवर जे बर्म्युडा गवत सर्वत्र लावतात, ते म्हणजे आपल्या हरळीचेच संस्कारित भावंड. आमच्या वाडीत आळ्यांत माजते म्हणून आई जी उपटून टाकी आणि भाद्रपद चतुर्थीला जिच्या दूर्वांच्या जुड्या ती भक्तिभावाने बांधी, तीच ही वनस्पती, इथे राजवाड्यातल्या गालिच्यासारखी जोपासलेली. समुद्राची खारी हवा आणि मचूळ पाणी जिथे अपरिहार्य आहे तिथे पॅस्पॅलम नावाचे क्षारसहिष्णु गवत लावतात. किनाऱ्यावरच्या मैदानावर यांपैकी कोणते गवत आहे, हे विचारणे म्हणजे त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या आरोग्याची चौकशी करणे होय.

खर्चाचा हिशेब मी पुढे एका रीतीने करू लागलो आणि तीच रीत मी मित्रांना सांगतो. समजा, प्रवेशशुल्क दहा लाख रुपये आहे, आपण आणखी दहा वर्षे नीट खेळू शकू आणि वर्षाला पन्नास फेऱ्या होतील, तर केवळ प्रवेशापोटी प्रत्येक फेरीला दोन हजार रुपये पडतात. हीच रक्कम सात टक्क्यांच्या मुदतठेवीत असती तर वर्षाला सत्तर हजार, म्हणजे फेरीला आणखी चौदाशे रुपये, व्याजाचे बुडाले. यात वार्षिक वर्गणी, कॅडीचे मानधन आणि भोजनगृहाची सक्ती मिळवावी, आणि मग ही बेरीज सभासद नसलेल्याला पडणाऱ्या एका फेरीच्या शुल्काशेजारी मांडावी. पुष्कळदा असे दिसून येते की वर्षाला शंभर फेऱ्या खेळणाऱ्यालाच सभासदत्व परवडते; चाळीस-पन्नास खेळणाऱ्याने दर खेपेस पैसे मोजणेच हिताचे. आणि गुडघ्यांनी उद्या साथ सोडली तर त्या रकमेचे काय, हा प्रश्न साठीनंतरच्या माणसाने सही करण्यापूर्वी विचारावा, नंतर नव्हे.

२०१९ च्याच जूनमध्ये, थायलंडला जाण्यापूर्वी, मी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला एक आठवडा काढला होता. जगातील सर्वांत विख्यात गोल्फ मैदान तेथे आहे. अठरा होलची प्रथा रूढ झाली तीही १७६४ साली तेथेच झालेल्या फेरबदलांतून. परंतु माझ्या अंतःकरणावर ठसा उमटला तो निराळ्याच गोष्टीचा. ते मैदान कोणा क्लबच्या मालकीचे नाही. पार्लमेंटच्या कायद्यान्वये १९७४ पासून एक विश्वस्त मंडळ तिथल्या सार्वजनिक मैदानांचा कारभार पाहते, गावच्या रहिवाशांना वार्षिक परवाना अल्प दरात मिळतो, आणि रविवारी जुन्या मैदानावर खेळ बंद असून गावकरी तेथे मुलाबाळांसह, कुत्र्यांसह फिरावयास येतात. मी त्या रविवारी त्या गवतावरून चाललो तेव्हा आपल्या गावच्या गुरचरणाची आणि देवस्थानच्या माळाची आठवण झाली: ज्यावर कोणा एकाची मालकी नसून साऱ्यांची वहिवाट असते, अशी जमीन. उत्तम आणि स्वस्त हे दोन गुण एकत्र नांदू शकतात, मात्र त्यासाठी मैदान गावाचे असावे लागते, ही गोष्ट मी तेथे शिकलो.

थायलंडहून परतल्यावर मी आपल्या जिल्ह्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात, खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी सिडकोने उभारलेले मैदान आहे. ते प्रारंभी अकरा होलचे होते आणि तेथे सभासदत्वावाचून, फेरीचे शुल्क भरून, कोणालाही खेळता येईल अशी योजना होती. नागावाहून पेण-पनवेलमार्गे तिथवरचे अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर. चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, आणि २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी मोटारीसह नेणारी बोट सुरू झाल्याने तिथला पाहुणा म्हणून मित्राबरोबर क्वचित जाणे पूर्वीपेक्षा सुकर झाले. मी खारघरचा मार्ग धरला, परंतु अण्णांची परीक्षा चुकवली नाही. आषाढात मुद्दाम गेलो. डोंगरावरून धबधबे कोसळत होते, आणि पाणी कुठून येते, कुठे वळते, कुठे रेंगाळते हे पाहत मी तासभर चिंब उभा राहिलो. तेव्हापासून पावसाचे तीन महिने मी खेळ बंद ठेवतो आणि त्याचे दुःख करीत नाही. कोकणात राहणाऱ्याने पावसाला त्याचा वाटा दिलाच पाहिजे.

वैशाखाची परीक्षा मात्र मी आता केवळ स्वतःच्या सोयीसाठी घेत नाही. अठरा होलचे मैदान उन्हाळ्यात दिवसाला लाखो लिटर पाणी पिऊ शकते. ते पाणी सांडपाणी शुद्ध करून आणले असेल, किंवा पावसाचे तळ्यांत साठवले असेल, तर त्या हिरवळीवर चालताना मन निर्मळ राहते. परंतु ते किनाऱ्यावरच्या भूगर्भातून उपसले जात असेल, तर गोडे पाणी ओसरून त्याच्या जागी समुद्र आत शिरतो आणि एकदा खारावलेली विहीर सहसा पुन्हा गोडी होत नाही. आमच्या वाडीतल्या रहाटाच्या विहिरीवर पोफळींच्या तीन पिढ्या जगल्या आहेत. तिचे पाणी चैत्रात जरा मचूळ लागले की घरातल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे कसे उतरत, हे मी पाहिले आहे. ज्या मैदानाने शेजाऱ्याची विहीर बुडते ते कितीही सुंदर असो, कितीही स्वस्त असो, मी त्याला चांगले म्हणणार नाही.

आज आमचा क्रम ठरला आहे. माघ-फाल्गुनात सहा आठवडे हुआ हिन, तीच भाड्याची खोली, तेच मैदान, दर फेरीचे रोख शुल्क; तिथे आता चार माणसे नावाने हाक मारतात आणि पत्नीला बाजारात सोबत मिळते. उरलेले वर्ष नागाव, आणि पाऊस नसेल तेव्हा पंधरवड्यातून एकदा, भल्या पहाटे निघून, खारघर. सभासदत्वाचे एकही ओळखपत्र माझ्यापाशी नाही, आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही.

गेल्या पौषात आमच्याच किनाऱ्यावर होऊ घातलेल्या एका गृहप्रकल्पाचे प्रतिनिधी घरी आले. त्यांच्या चकचकीत पुस्तिकेत नारळांच्या रांगांमधून पसरलेली हिरवळ होती आणि प्रारंभीच्या सभासदांना विशेष सवलत होती. मी ती पुस्तिका आदराने पाहिली, त्यांना चहा दिला, आणि म्हणालो की जमीन मी आषाढात येऊन बघेन आणि आसपासच्या विहिरींचे पाणी वैशाखात चाखेन, मग बोलू. तोवर सवलतीची मुदत संपेल, असे त्यांनी सौजन्याने सांगितले. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवले, आणि परत येताना अण्णांनी त्या साली आषाढ-वैशाख पाहून घेतलेल्या तुकड्यातून आलो. तेथील पोफळी आता पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांच्या आळ्यांत त्या दिवशीही गोडे पाणी झुळझुळत होते.