पेढा की बर्फी?

गेल्या महिन्यात आमच्या वाड्यात एका सुनेचे डोहाळजेवण झाले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, चौकात सजवलेला झोपाळा, सगळे कसे साग्रसंगीत! ओटी भरून झाली आणि नेहमीप्रमाणे दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पोरीने हसत हसत एक वाटी उघडली. बर्फी! क्षणभर सगळ्या गप्प. मग कुणीतरी घाईघाईने म्हणाले, ‘‘असू दे गं, पहिली बेटी धनाची पेटी!’’

मला त्या म्हणीचे काही वाटले नाही. ‘असू दे गं’चे वाटले. सांत्वन कशाचे? अजून जन्मालाही न आलेल्या पोरीबद्दल? पोळ्या वाढता वाढता माझे मन दोन-अडीच वर्षे मागे गेले. आजवर ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगते.

मी बुधवार पेठेत राहते. घरातले आवरले की जवळच्याच एका शाळेत अर्धा वेळ इतिहास आणि मराठी शिकवते. थोरली मुलगी आठ वर्षांची होती आणि २०२३ सालचा पावसाळा सरता सरता मला पुन्हा दिवस गेले. वयाची पस्तिशी नुकतीच उलटली होती. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली, रक्ताची एक तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितले, ‘‘घाबरू नका, पण बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता दीडशेत एक आली आहे. खात्री करायची असेल तर गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासावं लागेल.’’

डाउन सिंड्रोम म्हणजे काय, ते त्यांनी कागदावर काढून दाखवले. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांच्यात एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, म्हणून एकूण ४७. बहुतेक वेळा हे आईबापांकडून वारशाने आलेले नसते, बीज तयार होतानाच वाटणीत चूक होते. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते. कुणाच्या खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणात भाजी चिरण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही! पोटातून बारीक सुई घालून पाणी काढतात, त्यातल्या बाळाच्या पेशी वाढवतात आणि गुणसूत्रे मोजतात. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. या सुईने गर्भपात होण्याचा धोकाही असतो, पण तो अगदी थोडा, दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी.

हे म्हणाले, ‘‘तू ठरव. मी आहे बरोबर.’’ बायांनो, हे वाक्य ऐकायला किती छान वाटते! पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ठरवायचे ते एकटीलाच असते.

आमच्या घरात ही बातमी पोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी चुलत सासूबाई आल्या. चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि उठता उठता हळूच म्हणाल्या, ‘‘एवीतेवी सुई टोचणारच आहेत, तर तेवढंही कळेल ना गं?’’

‘तेवढंही’ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. गुणसूत्रे मोजली की मुलगा की मुलगी हे कळतेच. प्रयोगशाळेतल्या माणसाला कळते, पण कायद्याने त्याला ते सांगता येत नाही. तपासणीच्या आधी मीही एका कागदावर सही केली, की गर्भाचे लिंग जाणून घ्यायची माझी इच्छा नाही. सही करताना मला मोठा अभिमान वाटला. आपण त्यातल्या नाही!

तो अभिमान फार दिवस टिकला नाही.

पाणी काढून झाल्यावर चार दिवस विश्रांती हवी म्हणून आई आली. रात्री मेथी निवडत बसलो होतो. मी तिला चुलत सासूबाईंचे बोलणे सांगितले आणि म्हटले, ‘‘तुझ्या वेळी बरं होतं बाई, असलं काही नव्हतं.’’

आईचा हात थांबला. ‘‘नव्हतं कोण म्हणालं?’’

मी आईची तिसरी मुलगी. माझा जन्म मे १९८८ चा. आजवर मी असेच धरून चालले होते की दोन मुलींवर तिसरी झाली तरी आईने हूं की चूं केले नाही. त्या रात्री आईने सांगितले. १९८७ च्या डिसेंबरात आजीच्या कानावर आले होते, की शहरात एक डॉक्टर पोटातले पाणी काढून मुलगा की मुलगी सांगतात आणि पुढचे सगळे तिथेच होते. दिवस ठरला. पैसे काढून ठेवले. एस.टी.ने जायचे होते. आदल्या रात्री माझ्या मधल्या बहिणीला सडकून ताप भरला, सकाळी अंगावर गोवर उठला. जाणे राहिले. पोर बरी होईपर्यंत तीन आठवडे गेले, मग डॉक्टरांचा दिवस मिळेना आणि मग महिने पुढे गेले म्हणून तो विषयच संपला.

‘‘म्हणजे तू नाही म्हणाली नव्हतीस?’’ मी विचारले.

‘‘नाही गं,’’ आई म्हणाली. ‘‘नाही म्हणायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. गोवर आला म्हणून तू आलीस.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईचा राग आला. मग रागाचीच लाज वाटली. माझा निम्मा संताप तिच्यावर होता, आणि आजीवर, बाबांवर, त्या डॉक्टरांवर मिळून निम्मा! हा कुठला न्याय?

शाळेत शिकवते म्हणून असेल, पुढच्या दिवसांत मी हा सगळा इतिहास मिळेल तसा वाचून काढला. ही सुई आपल्याकडे आली ती गर्भातले व्यंग शोधण्यासाठी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूटमध्ये तिचा वापर सुरू झाला आणि लवकरच लोक तिच्यावाटे मुलगाच शोधू लागले. सरकारी रुग्णालयांत त्याला बंदी आली, तशी ती खाजगी दवाखान्यांत गेली. महाराष्ट्र सरकारसाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ साली मुंबईत पाहणी केली, तर ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतली माणसे यांनी १९८५ पासून मुंबईत एकत्र येऊन याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारे देशातले हे पहिले राज्य. सबंध देशाचा कायदा १९९४ साली झाला, १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली आणखी कडक झाला.

म्हणजे तो कायदा आणि मी एकाच वर्षीचे! पण त्या डिसेंबरात तो जन्मला नव्हता.

कायदा झाला म्हणून सगळे थांबले असेही नाही. सोनोग्राफीची यंत्रे गावोगाव पोचली, सुईचीही गरज उरली नाही. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७! या आकड्यांत ज्या मुली नाहीत, त्यांच्या घरी त्या वेळी कुणाला गोवर आला नसेल.

त्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मला फार शहाणपणाची वाटली. गरोदर बाईने अशी तपासणी करून घेतली, तर उलट सिद्ध होईपर्यंत नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडले असे तो धरून चालतो. आईला ‘नाही’ म्हणता येत नव्हते, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते. तिच्या पोटच्या मुलीला कळायला पस्तीस वर्षे लागली.

पण मैत्रिणींनो, खरा पेच पुढेच होता. मुलगी असणे हा काही आजार नाही, म्हणून मी त्या कागदावर खुशाल सही केली. मग डाउन सिंड्रोम निघाला असता तर? कायद्याने ती तपासणी चालते. गर्भपाताचा १९७१ चा कायदाही गर्भात गंभीर व्यंग असेल तर परवानगी देतो. २००८ साली मुंबईतल्या एका बाईंना २० आठवड्यांची मुदत उलटल्यावर बाळाच्या हृदयात दोष असल्याचे कळले. डॉ. निखिल दातार यांच्यासह त्या उच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने परवानगी नाकारली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा गर्भ आपोआपच पडला. पुढे २०२१ साली कायदा बदलला. आता मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितले तर मुदतीची आडकाठी येत नाही. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. त्यातून जायचे की नाही, हे मात्र तो सांगत नाही.

आमच्याच वाड्यात, खालच्या मजल्यावर, एका काकूंचा मुलगा आहे. पंचविशीतला, डाउन सिंड्रोम असलेला. गणपतीत आरतीचे तबक धरण्याचा मान त्याचा. माझ्या मुलीशी तासन् तास पत्ते खेळतो आणि हरला की मनापासून रुसतो. अहवालाची वाट पाहत होते त्या दिवसांत मी त्याला टाळत होते. जिन्यात भेटला की खाली मान घालून पुढे जायची. कारण मनातून मी ठरवून टाकले होते, अहवाल वाईट आला तर ठेवायचे नाही. आणि त्याच्या डोळ्यांत पाहून हे ठरवणे मला जमत नव्हते.

काकूंच्या ते लक्षात आले असावे. एक दिवस त्याच वर आल्या. मी रडले, सगळे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, ते खरंच सांगता येत नाही. आता त्याच्याशिवाय घर डोळ्यांपुढे येत नाही. पण माझ्यामागे त्याचं कोण, या विचारानं रोज रात्री जाग येते, तेही खरंच. तू काय करावंस ते मी सांगणार नाही. जे करशील ते लोकांच्या भीतीनं करू नकोस, एवढंच.’’

त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात, आमच्या पेठेतला भिडे वाडा पाडला. दगडूशेठ गणपतीसमोरचा हाच तो वाडा, जिथे सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद संपून महानगरपालिकेने जागा ताब्यात घेतली, तिथे स्मारक व्हायचे आहे. शाळेतून येताना मी त्या मातीच्या ढिगाऱ्याशी थांबले आणि मला फुल्यांची शाळा आठवायच्या आधी त्यांचे दुसरे काम आठवले. १८६३ साली त्यांनी याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा असत, स्वतःचा जीव द्यायचा किंवा बाळाचा घ्यायचा. फुल्यांनी त्या बायांना उपदेश केला नाही. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा आमच्यापाशी ठेवा, असे सांगितले. तिथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी आपला मुलगा मानले.

त्या ढिगाऱ्याशी उभी असताना मला एक उमजले. आईला कुणी ‘नको करू’ असे सांगायला हवे होते, हे अर्धेच खरे. तीन मुली घेऊन जगता येते, इथे ये, असे म्हणणारे एक तरी दार तिला हवे होते. आणि माझ्या मनातल्या निर्णयात बाळाच्या आजाराचा भाग किती आणि बंद दारांचा किती? त्याला शाळा कुठली, काम कोण देणार, आमच्यामागे कोण, हीच माझी भीती होती. काकूंना रोज रात्री जाग येते ती मुलाच्या गुणसूत्रामुळे नव्हे. ती आपल्या सगळ्यांमुळे येते.

म्हणून उत्तर सापडले का? नाही. तपासणी करून निर्णय घेणाऱ्या बाईला मी आज नावे ठेवणार नाही, आणि मूल ठेवणाऱ्या बाईची ‘बिच्चारी’ म्हणून कीवही करणार नाही. मुलगी नको म्हणून सुई टोचणे मात्र मला कधीच मान्य नाही. तिथे दुखणे पोटातल्या बाळाला नसते, बाहेर वाट पाहणाऱ्यांना असते.

अहवाल चांगला आला. देवापुढे साखर ठेवली आणि खाली काकूंकडे गेले. त्यांच्या मुलाने माझ्या हातावर आपल्या हाताने साखर घातली. मला सुटल्यासारखे वाटत होते आणि त्या सुटकेची लाजही वाटत होती. दोन्ही अजून आहेत.

मे महिन्यात बाळ झाले. बारशाला आई आली होती. तिने मांडीवर घेतले, खूप वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली, ‘‘बरं झालं.’’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्रीचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. काढायची गरजही राहिली नाही.

आता तुमच्या मनात आलेच असेल, काय झालं, मुलगा की मुलगी? बघा, मलाही कुणाची बाळंतपणाची बातमी आली की आधी तोंडात तेच येते! सवय मोडायला वेळ लागतो. आम्ही बारशाला पेढेही वाटले आणि बर्फीही.

आणि परवाच्या त्या डोहाळजेवणात? बायका ताटांवर बसल्या, तेव्हा मी त्या पोरीच्या पानात दुसऱ्या वाटीतला पेढाही वाढला. म्हटले, ‘‘दोन्ही खा. दोन्ही गोडच असतात.’’