कंगोरे

मी येरवड्याला राहतो असे सांगितले की नवा माणूस क्षणभर थबकतो आणि मग हसून विचारतो, "भिंतीच्या आत की बाहेर?" येरवड्याच्या दोन भिंती उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, एक तुरुंगाची, दुसरी मनोरुग्णालयाची. त्याच्या मनात कोणती आहे हे मी कधी विचारून घेत नाही. दोन्हींच्या बाहेर राहून मी शाळेत मराठी शिकवतो आणि एक जुनी मारुती 800 बाळगतो. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि 2014 साली ती बनायची थांबली. माझी अजून थांबलेली नाही, एवढेच.

यंदा पहिल्या पावसात तिचा पट्टा किंचाळू लागला. अल्टरनेटर फिरवणारा हा रबरी पट्टा सैल पडला आणि त्यातून ओला झाला की असा ओरडतो की सकाळी सारी गल्ली जागी व्हावी. उपाय सोपा. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा, पट्टा ताणायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा. एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला, म्हणून मी माळ्यावरून वडिलांची हत्यारांची पेटी काढली.

वडील फिटर होते. त्यांचे आयुष्य सुतात मोजण्यात गेले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशाने 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा केला; पण जुन्या यंत्रांचे बोल्ट कायदे वाचत नाहीत, आणि ते खोलणाऱ्यांनाही आपली जुनी भाषा सुटत नाही. त्यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेला 4 सुती पाना मी हाती घेतला तेव्हा, खरे सांगायचे तर, गाडीपेक्षा वडिलांचेच काहीतरी दुरुस्त करायला निघाल्यासारखे वाटले.

आता जागेचे वर्णन. या गाडीचे इंजिन आडवे आणि पट्ट्याची बाजू थेट पत्र्याला खेटलेली. तिथे हात शिरतो, पण वळत नाही. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच पाहायचे. लहानपणी मी वडिलांना विचारले होते की पान्याचे तोंड दांड्याला तिरपे का असते. ते म्हणाले होते, "अडचणीच्या जागेसाठी." षटकोनी बोल्टावर पाना नव्याने बसवायचा तर 60 अंश फिरायला जागा हवी. तोंड 15 अंश तिरपे असले की प्रत्येक वेळी पाना उलटा करून लावायचा. मग 30 अंशांत भागते. हे आठवून मला भरून आले. मी पाना लावला आणि ओढला.

तो निसटला. मी पुन्हा लावला. पुन्हा निसटला. अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. माझ्यासारखा माणूस जोर वाढवतो. तिसऱ्या वेळी पाना इतका अलगद फिरला की बोल्ट सुटलाच असे वाटून मी आनंदलो. मग बोटांची सालटी निघाल्याचे कळले आणि त्याच बोटांनी चाचपले तेव्हा बोल्टाचे डोके नदीतल्या गोट्यासारखे गोल लागले.

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी बोल्ट चाचपला, पाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"पाना झकास आहे, सर. पण या बोल्टाचा नाही."

अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. जपानी घडणीच्या या बोल्टाचे डोके 12 चे. मधली फट जेमतेम नखाच्या जाडीची. पण तेवढ्या फटीमुळे पाना सपाट बाजूंवर न बसता नुसत्या कंगोऱ्यांवर बसतो आणि ते खरवडून काढतो.

"मग आता जरा जास्त जोर लावून..." मी म्हणालो.

"जोर लागायला आधी कंगोरे लागतात, सर. तुम्ही धरायलाच काही ठेवलं नाहीत."

छिन्नीने ठोकून फिरवायचा तर छिन्नीला जागा नव्हती. डोक्यावर नट वेल्ड करायचा तर शेजारी रबर होते. मिस्त्रींनी घाई केली नाही. आधी चाक काढले, आतले आच्छादन काढले. म्हणजे बोल्टाला हात लावण्याआधी त्याच्याभोवती जागा केली. डोक्यावर हातोडीने दोनचार हलके ठोके दिले, आट्यांत पातळ तेल सोडले आणि म्हणाले, "मुरू द्या. चहा सांगतो." गंज ज्या लोखंडापासून होतो त्याहून जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे असे जखडतात.

चहा पिताना मला एक मुलगा आठवला. गेल्या वर्षी तो आठवीत होता. कवितेचा अर्थ सांगून झाला की हात वर करायचा. "कवीला हेच म्हणायचं होतं हे कशावरून, सर?" पहिल्यांदा मी उत्तर दिले. नंतर एकदोनदा सारा वर्ग त्याला हसला, आणि त्या हसण्यात मीही होतो. मग एकदा त्याला तास संपेपर्यंत उभे केले. पुढे त्याचा हात वर आला नाही. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात मी लिहिले, 'वर्तनात चांगली सुधारणा.' त्याची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "घरीही आता फार बोलत नाही." मी ते आभार समजून घेतले.

माणसाचे कंगोरे घासले गेले की तो मऊ होतो, सर्वांत मिसळतो, अशी आपली समजूत आहे. आम्हा शिक्षकांची तर ती नोकरीच. बोल्टाने मला उलटे दाखवले. कंगोरे गेले म्हणून तो सैल झाला नव्हता. होता तिथेच जखडून होता, फक्त आता त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोहोचत नव्हता. आमच्या येरवड्याचा तुरुंग 1871 पासूनचा. तिथे गांधीजींसारखा माणूस पुन्हापुन्हा राहून आला. कोठडीच्या त्या अडचणीत बसून त्यांनी पेटीत मावणाऱ्या चरख्याचा ध्यास घेतला. 'येरवडा चक्र' हे नाव त्यातूनच आले. ती दगडी भिंत त्यांचा एकही कंगोरा घासू शकली नाही. मला एका मुलाचे घासायला वर्षही लागले नाही.

चहा संपला. मिस्त्रींनी कानशीचा बोटभर तुकडा काढला. अख्खी कानस तिथे चाललीच नसती. बोल्टाच्या समोरासमोरच्या दोन बाजू ते घासत बसले, थांबून थांबून, पाना लावून पाहत. बारावर आता काही होणार नव्हते. त्यांनी अकराच्या मापाच्या दोन नव्या सपाट बाजू तयार केल्या. मग 10-11 चा पाना हलकेच ठोकून बसवला आणि आधी केसभर घट्ट केला. "गंज तुटतो," ते म्हणाले. मग उलट ओढला. 'कट्' असा आवाज झाला आणि बोल्ट फिरला. नवा बोल्ट स्वस्तात मिळाला. वेळ गेला तो कंगोरे करण्यात.

तो मुलगा यंदा नववीत आहे. परवा तास संपल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर, मी त्याच्या बाकाशी बसलो आणि विचारले, "आजच्या कवितेचा तुला काय अर्थ वाटतो?"

त्याने माझ्याकडे पाहिले. फार नम्रपणे म्हणाला, "तुम्ही सांगाल तोच, सर."

पाना अलगद फिरला तेव्हाचा आनंद आठवून मला लाज वाटली. "उद्या पुन्हा विचारतो," एवढेच मी म्हणालो.

वडिलांचा पाना पुसून पेटीत ठेवला आहे. तो टाकवत नाही. पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके टेबलावर पडली आहेत. साऱ्यांची भरून झाली. त्या एकाच्या वर्तनाचा रकाना अजून रिकामा आहे.